रॉकस्टार नायकाच्या प्रेमकथांत मुलींना काय मिळतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही देवगडजवळ राहता. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर इंग्रजी कादंबऱ्या वाचते. नायक दर वेळी कुठल्या तरी बँडचा गायक नाहीतर गिटारवाला. अंगभर टॅटू, दारू, मागे मुलींची झुंबड. "आमच्याकडे रॉक बँड कुणी पाहिलाय? हिला त्या माणसात दिसतं तरी काय? हे थांबवू का?" असं तुम्ही विचारलंय. शिवाय तुम्ही गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहात, म्हणून अशी पुस्तकं वाचनालयात ठेवावीत का, हेही विचारलंय.

मी सिंधुदुर्गातल्या एका वाचनालयात देवघेव विभाग सांभाळत आले आणि ही पुस्तकं मी स्वतः आवडीने वाचते. माझं म्हणणं सरळ सांगते. तुमची मुलगी स्टेजवरच्या माणसासाठी वाचत नाहीये. कार्यक्रम संपल्यावर तो माणूस कसा असतो, ते तिला बघायचंय.

हे मी कशावरून म्हणते? मुंबईला स्थायिक झालेली आपली माणसं मे महिन्यात गावी आली की जुन्या इंग्रजी पुस्तकांचे खोके वाचनालयाला देऊन जातात. त्यातली अशी एक कादंबरी आमच्याकडे इतकी फिरली की पुन्हा बाइंडिंगला द्यावी लागली. बाइंडिंगला देण्याआधी मी पानं तपासते. स्टेडियममधल्या मोठ्या कार्यक्रमाचं प्रकरण, म्हणजे दिवे, धूर, नाव घेऊन ओरडणाऱ्या मुली, त्याची पानं करकरीत होती. त्याच्या पुढचं प्रकरण मात्र हाताळून मऊ पडलेलं, कोपरे दुमडलेले, एका पानावर हळदीच्या बोटाचा डाग. त्या पानावर काय होतं? मध्यरात्र उलटून गेलीय, हॉटेलच्या खोलीत तो पलंगाच्या कडेला बसलाय. आवाज पार बसलाय, बोलायची मनाई आहे. म्हणून तो कागदावर लिहून नायिकेला विचारतो की आज तिसऱ्या गाण्यात मी एक ओळ विसरलो, कुणाच्या लक्षात आलं नाही, तुझ्या आलं का? ती मान डोलावते. एवढाच प्रसंग. आमच्या सभासद बायकांनी दुमडून ठेवलेलं पान ते.

या सगळ्या कादंबऱ्यांचं इंजिन तिथे आहे. हजारो लोक ज्याला ओळखतात त्याला खरं ओळखणारी एकच व्यक्ती असते, आणि वाचताना ती व्यक्ती आपण असतो.

प्रेमकथेला दोन गोष्टी लागतात. गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट समाधानाचा, निदान आशेचा हवा. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनेही याच दोन अटी घालून व्याख्या केली होती. बाकी सगळं बदलत राहतं, नायकाचा धंदा तर सर्वांत आधी. लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालेल्या 'मिल्स अँड बून'च्या पुस्तकांत डॉक्टर आले, अरबी शेख आले, उद्योगपती आले. आमच्याकडे अजूनही ती पुस्तकं मागणाऱ्या निवृत्त शिक्षिका आहेत. पण उद्योगपती आणि रॉकस्टार यांत मोठा फरक आहे. उद्योगपती मोठा होतो तो मनातलं कुणाला कळू न देता. रॉकस्टारचा पैसा, नाव, सगळा दरारा मनातलं चारचौघांत गायल्यामुळे आलेला असतो. आणि हाच माणूस घरी, समोर एकच बाई असताना गप्प होतो. लेखिकेला भांडण बाहेरून आणावं लागत नाही, ते त्या माणसातच असतं.

आपल्याकडच्या बायकांना हा गप्प माणूस कुणी समजावून सांगायला लागत नाही. 'तुझी आठवण येते' म्हणण्याऐवजी 'आंब्याची पेटी पाठवलीय, पोचली काय?' असं विचारणाऱ्या माणसांत आपण वाढलो. त्या पेटीत आठवण असते हे आपल्याला कळतं. तरी कधीतरी शब्द कानावर पडावेत असं वाटतंच. या कादंबऱ्यांत ते शब्द मिळतात. सहज मिळत नाहीत, तीनशे पानं झगडून मिळतात, आणि म्हणून खरे वाटतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हे साहित्य बरंचसं गर्दीच्या बाजूने लिहिलं गेलंय. 'वॉटपॅड' हे गोष्टी लिहायचं-वाचायचं व्यासपीठ २००६ साली सुरू झालं. तिथे चाहत्या मुली आपल्या आवडत्या गायकांना पात्र करून गोष्टी लिहायच्या. अ‍ॅना टॉड या अमेरिकन बाईने २०१३ मध्ये एका ब्रिटिश बँडमधल्या गायकावरून नायक रचून तिथे भागाभागाने गोष्ट लिहायला घेतली. पुढच्याच वर्षी तिचं पुस्तक निघालं आणि २०१९ मध्ये सिनेमाही आला. पुढचा भाग येईपर्यंत वाचणाऱ्या मुली खाली लिहीत बसायच्या, कुणी नायकावर चिडायचं, कुणी त्याची बाजू घ्यायचं. कार्यक्रमात तिकीट काढून मागच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीला इथे पहिल्यांदाच पडद्यामागे जाता आलं. तुमच्या मुलीच्या हातात आज जी पुस्तकं आहेत त्यांतली अनेक याच वाटेने आलेली असणार.

आता 'आमच्याकडे रॉक बँड कुठे' या तुमच्या म्हणण्याकडे येते. बँड नसेल, पण रंगलेल्या चेहऱ्यामागे काय चाललंय याची ओढ आपल्याला नवी नाही. १२ मार्च १९११ ला मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, प्रयोग झाला. ही हकीकत आपल्या आजी-पणजींनी एकमेकींना शंभर वर्षं सांगितली. ते कसं गायले याबद्दलही बोलल्या असतील, पण डोळ्यांत पाणी यायचं ते विंगेत पाऊल ठेवल्यावर त्या माणसाचं काय झालं असेल, या विचाराने.

आणि आपला दशावतार? तुम्ही देवगडच्या म्हणजे जत्रांत रात्र जागवलेलीच असणार. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की गावोगाव कंपन्या फिरायला लागतात. लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद जागच्या जागी सुचतात. पायपेटी, पखवाज आणि झांजेच्या साथीवर राजपार्टी नट, म्हणजे राजाचं काम करणारा, देवळासमोर उभा राहून पद म्हणतो, तेव्हा पुढे बसलेल्या बायकांचे डोळे बघावेत. पहाटे धयकालो, म्हणजे दहीकाला होतो आणि माणसं पांगतात. मग देवळाच्या मागच्या बाजूला हाच राजा खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसत बसलेला असतो, कारण घरी जाऊन त्याला मळ्यात पाणी लावायचं असतं. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' असं या नटांबद्दल म्हणतातच.

अशाच एका कलाकाराच्या घरची बाई आमची सभासद होती. इंग्रजी तिला येत नव्हतं, मराठी कादंबऱ्या न्यायची. एकदा मी तिला या रॉकस्टारच्या गोष्टींबद्दल सांगितलं, की त्याच्यावर सगळ्या जणी भाळलेल्या असतात आणि नायिकेला तो कसा वेगळाच दिसतो. तिने पिशवीत पुस्तक ठेवता ठेवता म्हटलं, "खरा आसा ता. लोकांका राजा दिसता, माका तेचे सुजलेले पाय दिसतत." रात्रभर नाचून आलेल्या नवऱ्याचे पाय ती मिठाच्या गरम पाण्यात ठेवायला लावायची. या प्रकारच्या कादंबरीची इतकी नेमकी समीक्षा मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेली नाही.

दुसरी ओढ आहे दौऱ्याची, आणि माझ्या मते कोकणातल्या वाचकाला ती सर्वांत खोल लागते. रॉकस्टार कादंबरीत नायक दौऱ्यावर जातो. आज एक शहर, उद्या दुसरं, महिनोन्महिने घर नाही. इकडे नायिका आपलं काम करत असते. फोन येतो तो भलत्या वेळी. कुठे तरी त्याचा कुणाबरोबर फोटो छापून येतो. विश्वास ठेवायचा की नाही? कादंबरीचा मधला सगळा भाग यावर चालतो.

कोकणातल्या किती घरांनी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या जगलीय! पुरुष गिरणीत, बाई गावी. मनीऑर्डर, चार ओळींचं पत्र, गणपतीला आणि शिमग्याला येणारा चाकरमानी. गिरण्या गेल्या, कोकण रेल्वे आली, पण दूर जाणारा माणूस राहिलाच. आता तो आखातात असतो किंवा जहाजावर. जहाजावरच्या नवऱ्याची वाट बघणारी एक तरुण सभासद ही पुस्तकं एकामागून एक संपवायची. तिला मी विचारलं होतं, त्यात एवढं काय आवडतं? ती म्हणाली, "परत आल्यावर पहिले दोन दिवस ते एकमेकांशी परक्यासारखे वागतात ना, ते बरोबर लिहिलेलं असतं." मला हे उत्तर फार महत्त्वाचं वाटतं. परत येण्याचा आनंद कुणीही लिहील. घरातल्या माणसाला पुन्हा घरात सामावून घेताना जो अवघडलेपणा येतो, तो लिहिणारी लेखिका वाचकाचा विश्वास मिळवते.

मग येतं गाणं. इतर प्रेमकथांत नायक प्रेम कबूल करतो, इथे तो गाणं करतो. नायिका गर्दीत उभी असते आणि तिला गाण्यात आपलंच एक वाक्य ऐकू येतं, कधीतरी भांडताना नाहीतर चहा गाळताना सहज बोललेलं. बाकी कुणाला ते कळत नाही. आपण बोललेलं कुणीतरी इतकं लक्ष देऊन ऐकलं, जपून ठेवलं, हे कळण्याचं सुख विलक्षण आहे. माझ्या अंदाजाने वाचक पुन्हा पुन्हा वाचतात तो प्रसंग हाच. मुलींना भेटवस्तूंपेक्षा याचं अप्रूप जास्त असतं, कारण घरात, वर्गात, बसमध्ये त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेणारं माणूस क्वचित भेटतं.

कागदावर गाणं ऐकू येत नाही, ही लेखिकेची अडचण. कच्ची लेखिका गाण्याची सगळी कडवी छापते आणि ती कडवी वाचून मन उडतं. कसलेली लेखिका एखाद-दुसरी ओळ देते आणि बाकी जागा गाणं घडण्याला देते. सूर सापडत नाही म्हणून चिडलेला गिटारवाला, गळ्यासाठी ज्येष्ठमध चघळण्यासारखे चाललेले उपाय, पहाटे चारला 'हे ऐक' म्हणून केलेला फोन. चांगलं-वाईट पारखायचं असेल तर मी आधी हे बघते.

बँडमधल्या बाकीच्या पोरांबद्दल फार लिहीत नाही. ती नायकाच्या भावांसारखी असतात, आणि एकेकाच्या वाट्याला पुढे एकेक पुस्तक येतं. म्हणून मुली मालिका धरून वाचतात. ओळखीच्या घरी परत गेल्यासारखं वाटतं त्यांना.

आता तुमच्या काळजीबद्दल. ती रास्त आहे आणि मी ती उडवून लावणार नाही.

या कादंबऱ्यांत दारू आणि नशा वारंवार येते, आणि इथे पुस्तकापुस्तकांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. चांगल्या पुस्तकात नायक स्वतः उपचार घ्यायला जातो, घसरतो, पुन्हा उभा राहतो, आणि नायिका त्या काळात आपलं शिक्षण किंवा नोकरी सोडत नाही. वाईट पुस्तकात नायिकेच्या प्रेमाने तो सुधारतो. मला दुसऱ्या जातीची पुस्तकं मनापासून नकोशी वाटतात. आपल्या भागात दारूने उद्ध्वस्त झालेली घरं आपण बघतो. बाईने जीव लावला की माणूस सुधारतो, हे ज्या घरांनी खरं मानलं त्यांनी त्याची फार मोठी किंमत मोजलीय. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीच्या मनात ही समजूत रुजू नये, याबद्दल मी तुमच्याइतकीच आग्रही आहे.

तसंच संशयाचं. 'दुसऱ्या कुणाशी बोललीस तर बघ' म्हणणारा नायक काही पुस्तकांत प्रेमळ म्हणून रंगवलेला असतो. शारीरिक संबंधांची वर्णनंही बऱ्याच पुस्तकांत मोकळेपणाने असतात. ही पुस्तकं मोठ्यांसाठी आहेत. तुमची मुलगी सज्ञान आहे, तिला ती वाचू द्यावीत असं माझं मत आहे. आठवी-नववीतल्या मुलीबद्दल विचारलं असतंत तर मी थांबायला सांगितलं असतं.

थांबवू नका, असं मी म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईने १९८४ साली पुस्तक प्रसिद्ध केलं, ते प्रेमकथा वाचणाऱ्या एका गावातल्या बायकांशी बोलून लिहिलेलं. त्या बायकांसाठी गोष्टीइतकंच महत्त्वाचं होतं वाचायला बसणं. पुस्तक हातात असेपर्यंतचा वेळ नवऱ्याचा नव्हता आणि मुलांचाही नव्हता, तो त्यांचा होता. हे मी आमच्या टेबलावर रोज बघितलंय. मासळी करून, भांडी आवरून, सगळे झोपल्यावर वाचणाऱ्या बाईच्या हातून ते पुस्तक काढून घेतलं तर तिच्या दिवसातलं तिचं असं काही उरत नाही. तुमच्या मुलीची रात्रीची वेळही तशीच असू शकेल. झोप पुरी होत नसेल तर झोपेबद्दल बोला, पुस्तकाला दोष देऊ नका.

आणि तिच्याशी बोलायचं असेल तर 'हे काय वाचतेस' असं विचारू नका, त्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं. 'कार्यक्रम संपल्यावर तो तिच्याशी कसा वागतो गं?' असं विचारा. 'ती स्वतः काय काम करते? तो नसताना तिचं कसं चालतं?' हेही विचारा. ती बोलायला लागली की कुठल्या जातीचं पुस्तक आहे ते तुम्हाला पाच मिनिटांत कळेल. जमलं तर तिच्याकडूनच एक मागून घ्या आणि पूर्ण वाचा.

तिला लिहायची हौस असेल तर तेही सुचवा. 'प्रतिलिपी'वर मराठीत भागाभागाने प्रेमकथा लिहिणाऱ्या किती तरी जणी आहेत, आणि आपल्या भागात या गोष्टीला लागणारं सगळं पडलेलं आहे. गणपतीच्या दिवसांत बेंजो पार्टीतला कीबोर्डवाला एका सुपारीवरून दुसऱ्या सुपारीवर टेम्पोतून फिरतो, विसर्जनाच्या मिरवणुकीत त्याच्या बोटांवर अख्खी वाडी नाचते. डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, समोरच्या बुवाचा सवाल परतवणारा तरुण भजनी बुवा आहे. त्याचे सामने मुंबईत लागतात आणि चाकरमानी नाट्यगृह भरतात. गुहागर-संगमेश्वरकडे गेलात तर जाखडी नाचातला शाहीर आहे, शक्ती-तुऱ्याच्या बारीत रात्रभर गाणारा. यातल्या कुणालाही चामड्याचं जॅकेट घालायची गरज नाही.

मात्र एक अडचण वेगळी येईल, आणि मला तीच सगळ्यांत रंगतदार वाटते. परदेशी कादंबरीत नायक-नायिकेचा पाठलाग फोटोवाले करतात. आपल्याकडे फोटोवाला लागतच नाही. ग्रामीण रुग्णालयातली नर्स बेंजोवाल्याच्या गाडीवर बसून बाजारपेठेतून गेली, की ती घरी पोचायच्या आधी बातमी ओट्यावर बसलेली असते. कुणाचा कोण, कुठल्या वाडीचा, भाऊबंदकीत काय वाद, सगळं निघतं. शहरातल्या नायिकेला गर्दीत हरवता येतं, इथल्या नायिकेला तेवढी सोय नाही. म्हणून तिचं धैर्य मोठं, आणि तिची गोष्टही.

राहिला वाचनालयाचा प्रश्न. ठेवा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, कोकणात पुस्तकं घरी नेऊन वाचायची सवय इतकी जुनी. लोकांना जे वाचायचंय ते त्यांना फक्त मोबाईलवरच मिळावं, ही वाचनालयासाठी बरी गोष्ट नव्हे. पुस्तकनिवडीच्या बैठकीत हा विषय घ्या, पण त्याआधी समितीतल्या दोघांनी तरी प्रत्येक पुस्तक वाचलेलं असू द्या. एका मालिकेचा पहिला भाग आधी घ्या, मागणी आली तर पुढचे. मोकळी वर्णनं असलेली पुस्तकं प्रौढ विभागात ठेवा आणि बालविभागाच्या कार्डावर देऊ नका. कपाटात कुलपात मात्र नको. ही पुस्तकं मागायला टेबलाशी यावं लागलं, तर ज्यांना ती हवी आहेत त्या बायका मागणारच नाहीत. उघड्या मांडणीवर, हात पोचेल अशा कप्प्यात असू द्या, आणि कुणी नोंदवायला आणली की कव्हरकडे न बघता तारीख घाला.